दिवसाला चारशे व्ह्यूज आणि बॅनरची विक्री: सीमाभागातल्या एका मराठी पोर्टलचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका तालुक्याचं हे मराठी पोर्टल. चालवणारे दोघे. एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळा तालुका ‘सर’ म्हणतो. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, त्याचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला इथे भागीदार म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आकडे आणि रकमा गोल केल्यात. वेबसाइटची तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. जाहिरातींच्या निर्णयात माझा शब्द सल्ल्यापुरता.

मजकूर म्हणाल तर गावपातळीचा: ग्रामपंचायतीच्या बैठका, हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइट कुठल्या भागात कधी जाणार, कुस्ती मैदानाचे निकाल, शाळांचे दहावीचे निकाल, लक्ष्मी यात्रांचे कार्यक्रम आणि निधनवार्ता. महिन्याला साधारण १२ हजार व्ह्यूज, म्हणजे दिवसाला चारशे. एखाद्या मोठ्या गावची यात्रा असली की तो महिना दुपटीवर जायचा. दहातले नऊ वाचक मोबाइलवर, आणि ते गूगलवर शोधून आलेले नव्हते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपात लिंक पडली म्हणून आलेले.

डोमेन आणि होस्टिंगचे वर्षाला सात हजार, त्यावर सरांच्या स्कूटीचं पेट्रोल. दोन वर्षं हे खिशातून चाललं. तिसऱ्या वर्षी भागीदार म्हणाला, की निदान पेट्रोल तरी सुटायला हवं.

अडचण

पहिला उपाय सगळे करतात तोच केला, ॲडसेन्स. गूगल आपोआप जाहिराती लावतं, आपण काही विकायचं नाही. महिन्याला चार-साडेचार डॉलर जमायचे. पैसे खात्यात यायला १०० डॉलरची मर्यादा ओलांडावी लागते, म्हणजे या गतीने पहिलं पेमेंट जवळपास दोन वर्षांनी. तेही एक वेळ चाललं असतं. पण कुणाच्या तरी आजोबांची निधनवार्ता, ‘रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी ८ वाजता’ अशी ओळ, आणि तिच्या खाली ऑनलाइन रमीची जाहिरात, हे सरांनी स्वतः मोबाइलवर पाहिलं. ॲडसेन्समध्ये असे प्रकार बंद करता येतात, ते केले. उत्पन्न आणखी खाली आलं.

मग सर बाजारात उतरले. गणपत गल्लीतल्या एका कापडवाल्याने चहा पाजला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “किती लोक बघतात ओ सर तुमचं?” सरांनी खरं ते सांगितलं: महिन्याला १२ हजार व्ह्यूज. कापडवाला म्हणाला, “पेपर तर एका दिवसात त्याच्यापेक्षा जास्त जातोय की ओ.” संभाषण तिथेच संपलं. चहाचे पैसे मात्र त्याने दिले.

हिशेब त्याच्याच बाजूने होता. ऑनलाइन जाहिरात बहुतेक ठिकाणी हजार वेळा दिसण्याच्या दराने विकली जाते. हजाराला ५० रुपये धरले, तरी १२ हजार व्ह्यूजवर एका जागेचे महिन्याला ६०० रुपये होतात, आणि तेही सगळीच्या सगळी जागा विकली गेली तर. दर दुप्पट केला तरी बाराशे. आकड्यांच्या खेळात हे पोर्टल उभं राहणारच नव्हतं. तरी पुढचे काही महिने दोघे तोच खेळ खेळत राहिले, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न आकड्याचाच विचारतं.

कुठला आकडा दाखवायचा

पहिला खरा निर्णय इथे होता, आणि दोघांत वादही इथेच झाला. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘हिट्स’ नावाचा एक रकाना असतो, त्यात महिन्याला तीन लाखांच्या वर आकडा दिसायचा. भागीदाराचं म्हणणं, तोच सांगू; खोटा तर नाही ना? खोटा नव्हता, पण त्याचा वाचकांशी संबंध नव्हता. एक पान उघडलं की त्यातला प्रत्येक फोटो, प्रत्येक फाइल वेगळी हिट म्हणून मोजली जाते, वर गूगलचे आणि इतरांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्रॅम, दिवसभर येऊन जातात ते वेगळेच. सर म्हणाले, तीन लाखांवर कुणी पैसे दिले आणि महिन्यात एक फोन आला, तर तो माणूस परत तोंड दाखवू देणार नाही. तालुक्याचं ठिकाण केवढं, रोज समोरासमोर गाठ. हिट्सचा आकडा बाद झाला.

त्याऐवजी गूगल ॲनालिटिक्समधली गावांची यादी दाखवायची ठरली. ती उघडली तर पहिल्या क्रमांकावर बेंगळुरू! मोबाइल कंपन्यांचे आयपी पत्ते पुष्कळदा मोठ्या शहराच्या नावे नोंदलेले असतात, त्यामुळे आपल्याच गल्लीत बसून पोर्टल वाचणारा माणूस अहवालात बेंगळुरूचा दिसतो. ही यादी दुकानदारापुढे ठेवली असती तर तो म्हणाला असता, मग बेंगळुरूच्या दुकानदाराकडे जा.

मी सुचवलं की मशीनला विचारण्यापेक्षा माणसांनाच विचारू. पोर्टलच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एकच प्रश्न टाकला: तुम्ही मूळचे कुठल्या गावचे आणि सध्या कुठे राहता? उत्तरं भरभरून आली. गावाचं नाव विचारलं की आपल्याकडे माणूस आजोळापासून सुरुवात करतो. यादी लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. जवळजवळ निम्मे वाचक तालुक्यातच नव्हते. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, गोवा, थोडे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारे आणि बेळगावातच स्थायिक झालेले. गावाकडे घर, आई-वडील आणि थोडीशी शेती, पगार बाहेर.

समोर असलेले मार्ग

ॲडसेन्स पुन्हा पूर्ण जोरात चालू करणं हा एक. तो सरांना नको होता.

दुसरा, बेळगावातल्या एखाद्या जाहिरात एजन्सीमार्फत विकणं. एजन्सी पेपरसारखंच १५ टक्के कमिशन मागत होती, त्यात काही गैर नव्हतं. पण तिच्याकडचे जाहिरातदार मोठे, आणि त्यांच्याकडे पहिला रकाना पुन्हा आकड्याचाच.

तिसरा मार्ग ईमेलने चालत आला. एका जुन्या लेखात एक लिंक घाला, महिन्याला अमुक डॉलर घ्या. लिंक सट्ट्याच्या साइटची. रक्कम सगळ्या स्थानिक जाहिरातींपेक्षा जास्त होती, आणि भागीदार दोन दिवस त्यावर विचार करत होता. पैसे घेऊन, जाहिरातीची खूण न करता लिंका देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, हे कारण तर होतंच. पण तालुक्यातल्या पोरांना सट्ट्याच्या दारात आपण न्यायचं काय, हे सरांचं कारण जास्त वजनदार ठरलं.

चौथा मार्ग, वाचकांकडून वर्गणी. यात्रेची, गणपतीची, मंडळाची आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आधीच चालू असते. त्यात आणखी एक पावती पुस्तक नको, असं दोघांचंही मत पडलं.

उरला पाचवा: हजारी दर विसरायचा, ठरावीक जागा, ठरावीक महिना, ठरावीक रक्कम. आणि विकायची ती वाचकांची संख्या नाही, त्यांची गावं.

काय केलं

जागा तीनच ठेवल्या. भागीदाराला आठ हव्या होत्या, एका जागेत पाच जाहिराती आलटून-पालटून फिरवायच्या होत्या. १२ हजार व्ह्यूज पाच जणांत वाटले तर प्रत्येकाला २,४०० येतात, त्यातून कुणालाच फोन यायचा नाही. आहेत तेवढे व्ह्यूज कमी लोकांना द्यायचे, म्हणजे निदान एखाद्याला तरी फरक दिसेल.

पानाच्या तळाची जागा काढून टाकली, तिथवर कुणी पोचतच नव्हतं. या धंद्यातला सर्वमान्य निकष असा, की बॅनरचा निम्मा भाग सलग एक सेकंद तरी पडद्यावर असेल तरच तो दिसला म्हणायचा. त्या निकषावर तळाची जागा विकणं म्हणजे रिकामी पिशवी विकणं. मुख्य जागा बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदानंतर आणली.

बॅनर बनवताना वेगळाच घोळ. दुकानदार पेनड्राइव्ह द्यायचा, त्यात फ्लेक्सवाल्याने केलेली दहा बाय चार फुटांची कोरलड्रॉ फाइल. वर गणपती, बाजूला मालकाचे वडील, खाली तीन शाखांचे पत्ते, चार फोन नंबर, ‘आमचे येथे’पासून सुरू होणारी पूर्ण यादी. हे सगळं मोबाइलवर बोटभर पट्टीत बसवलं की नुसता रंगीत डाग दिसतो. रंगही छपाईच्या हिशेबाचे, त्यामुळे पडद्यावर भलतेच उमटायचे. भागीदाराचा डीटीपीतला हात इथे कामी आला. मोबाइलवर ७२८×९० ची लांब पट्टी आक्रसून वाचता येईनाशी होते म्हणून ती बाद केली आणि ३००×२५० चा चौकोन घेतला. दुकानाचं नाव, एक ओळ, एक नंबर. फाइल १०० केबीच्या आत. वर लहान अक्षरांत ‘जाहिरात’ असा शब्द, आणि लिंकला गूगलसाठी ‘स्पॉन्सर्ड’ची, म्हणजे पैसे घेऊन दिलेली लिंक असल्याची, खूण. दुकानदारांना वडिलांचा फोटो काढून टाकायला लावणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम होतं, आणि एका ठिकाणी ते जमलंच नाही.

बॅनरवर बोट लावल्यावर जायचं कुठे? बहुतेक दुकानांना वेबसाइट नव्हती. म्हणून लिंक थेट दुकानाच्या व्हॉट्सॲपवर नेली, आणि त्यात संदेश आधीच टाइप केलेला: ‘पोर्टलवर जाहिरात बघितली, चौकशी करायची होती.’ गिऱ्हाइकाने नुसतं पाठवायचं. याचा खरा फायदा मोजणीचा. जाहिरात किती चालली हे सांगायला आम्ही अहवाल नेऊन दाखवायची गरज उरली नाही. पुरावा जाहिरातदाराच्याच फोनमध्ये जमा होत होता. अहवालावर विश्वास ठेवा, हे सांगण्यापेक्षा हे शंभरपटीने सोपं.

रंगाचं दुकान

पहिला खरा ग्राहक तालुक्याच्या ठिकाणचा रंगवाला. एका गावची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी भरणार होती. अशा यात्रेआधी गावात काय होतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको: देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, बसायच्या आत घरन् घर रंगवून निघतं, माहेरवाशिणी येणार, पै-पाहुणे येणार, कोण मागे राहणार? पोर्टलवर त्या यात्रेचं स्वतंत्र पान होतं, कार्यक्रमपत्रिका, समितीच्या सूचना, रथाचा मार्ग. सरांनी रंगवाल्याला सगळं पोर्टल विकलं नाही. फक्त ते पान विकलं, यात्रेआधीचे दोन महिने, ३,००० रुपये, आगाऊ.

रंगवाल्याची शंका रास्त होती. “गावची माणसं तर माझ्याकडंच येतात की ओ, जाहिरात कशाला?” सरांनी वाचकांनी सांगितलेल्या गावांची यादी पुढे केली. गावात राहणारी येतील, पण घराला रंग द्यायचे पैसे पुण्यातून येणार आहेत. आणि पुण्यातला पोरगा आई-बाबांना डबे आणायला पाठवणार नाही, तो फोनवर कुणालातरी काम देऊन मोकळा होणार.

झालं तसंच, पण एक पायरी पुढे जाऊन. जे संदेश आले त्यांत रंगाचा भाव विचारणारे थोडेच. बहुतेकांचा सूर असा: ‘घरी दोघं म्हातारीच आहेत, रंग आणि माणसं दोन्ही तुम्हीच देता काय?’ रंगवाला तोवर नुसते डबे विकत होता. त्याने दोन पेंटर गाठले आणि कामासकट दर द्यायला सुरुवात केली. डझनभर घरं त्याला अशी मिळाली. जाहिरातीने त्याचा माल विकला गेला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय ते त्याला कळलं. पुढच्या गावच्या यात्रेचं पान त्याने न सांगता घेतलं.

जिथे नाही म्हटलं

दुसरा मोठा प्रस्ताव प्लॉटवाल्याचा. महिन्याला ५,००० द्यायला तयार, वर्षभर. बाहेर कमावणारे, गावाकडे जागा शोधणारे हेच त्याचं गिऱ्हाईक, म्हणजे आमच्या यादीला इतकं चपखल बसणारं दुसरं कुणी नव्हतं. मी रेराचा (घरं-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागितला. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचं प्लॉटिंग नोंदणी केल्याशिवाय जाहिरातीत आणताच येत नाही, आणि जाहिरातीत तो क्रमांक छापावा लागतो. त्याच्याकडे नव्हता. शेतजमीन आहे, गुंठ्याने देतोय, एनए (बिगरशेती) नंतर होईल, असं उत्तर. भागीदार म्हणाला, आपण नुसती जाहिरात लावतोय, व्यवहार त्यांचा ते बघतील. सर नाही म्हणाले. माझ्या मते तो नकार नीतीइतकाच व्यवहाराचाही होता: वाचकांतल्या एकाचे पैसे अडकले असते, तर ती बातमी त्याच ग्रुपांत फिरली असती जिथून हे पोर्टल चालतं.

निधनवार्तेच्या पानाचा प्रश्न याहून कठीण. एकूण व्ह्यूजपैकी तिसरा हिस्सा तिथे. ते पान मोकळं ठेवायचं म्हणजे विकण्यासारख्या मालातला तिसरा भाग टाकून द्यायचा. सरांनी तो टाकला. पण त्याच पानातून पुढे एक वाट निघाली, जी कुणी आखली नव्हती. पुण्यात राहणाऱ्या एका कुटुंबाने विचारलं, वडिलांचं प्रथम पुण्यस्मरण आहे, फोटोसह लावाल का, पैसे देतो. पेपरात अशी जाहिरात वर्षानुवर्षं असतेच. फरक इतकाच, की इथली लिंक दुबईतल्या चुलत्यालाही पाठवता येते. ५०० रुपये दर ठरला. वर्षअखेरीला स्थानिक दुकानांच्या खालोखाल उत्पन्न या पुण्यस्मरणांचं होतं.

भाषेचा मुद्दा अपेक्षेपेक्षा कमी गाजला. एका कन्नड भाषिक दुकानदाराने कन्नड बॅनर दिला, तो तसाच लावला. दोन-तीन वाचकांनी सरांना फोन केले, सरांनी ऐकून घेतलं, बॅनर राहिला. उलट शहापुरातल्या एका सराफाने इथे मुद्दाम पूर्ण मराठी जाहिरात मागितली. दुकानाच्या पाटीवर आता ६० टक्के कन्नड लागतं, म्हणाला, इथं तरी आईच्या भाषेत असू दे.

निष्पन्न

वर्षभरात तीन कायमचे जाहिरातदार टिकले, प्रत्येकी महिना १,५०० रुपये. यात्रांच्या काळात त्यावर पानांचे वेगळे. खर्च सुटला, पेट्रोल सुटलं, गावोगावच्या तीन वार्ताहरांना थोडं मानधन सुरू झालं. पगार म्हणावा असं काही नाही.

सगळ्यांना लाभ झाला असंही नाही. एक साडीवाला दोन महिन्यांत गेला, त्याला आलेले संदेश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साडी बघून, हात लावून घ्यायची वस्तू. तिला हे माध्यम मानवलं नाही. सराफाकडेही संदेश नगण्यच, पण तो टिकला. पाहुण्यांनी पुण्यात बसून नाव बघितलं, एवढं त्याला पुरलं. बेळगावातल्या एका क्लासवाल्याला जीएसटीचं बिल हवं होतं. पोर्टलची उलाढाल सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, नोंदणीच नाही, त्यामुळे ते जमलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सराफाला पहिल्याच दिवशी ‘दुसरा सराफ घेणार नाही’ असा शब्द वर्षभरासाठी दिला गेला, त्याचं वेगळं मोल न घेता. यात्रेच्या हंगामात दुसऱ्या दोन सराफांनी विचारलं, दोघांना परत पाठवावं लागलं. मक्तेदारी द्यायचीच तर महिन्यापुरती, आणि यात्रेची पानं त्यातून वगळून. नव्या वर्षाच्या बिलावर आता तशी ओळ आहे.

आगाऊ पैशांचा नियम रंगवाल्याला लावला, ओळखीच्यांना लावला नाही. वसुली नेमकी ओळखीच्यांकडेच तुंबली. ‘पुढच्या आठवड्यात बघू की सर’ हे निवृत्त शिक्षकाला त्याचाच माजी विद्यार्थी म्हणतो, तेव्हा तो काय बोलणार? वसुली भागीदाराकडे आणि विक्री सरांकडे अशी वाटणी सुरुवातीलाच व्हायला हवी होती. ती झाली दहाव्या महिन्यात.

वाचकांना गावं विचारण्याचं काम ॲडसेन्सच्याही आधी करता आलं असतं. त्याला खर्च शून्य होता, आणि पुढची प्रत्येक विक्री त्याच यादीवर झाली.

निधनवार्तेच्या पानाबद्दल मात्र अजून एकमत नाही. दहाव्या-बाराव्याचं साहित्य पुरवणारा आणि मंडप-भांडी देणारा, असे दोघे तिथली जागा मागताहेत. भागीदाराच्या मते ही जाहिरात त्या घरांच्या उपयोगाचीच आहे. मलाही त्यात तथ्य वाटतं. सर तयार नाहीत, आणि विषय मार्चच्या हिशेबापर्यंत पुढे ढकलला आहे.